नगराध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी : कुणाचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक नगरसेविका विचारतात : "नळ, गटार, दिवा, घरपट्टी, जन्माचा दाखला, लोक सगळं मलाच सांगतात. मुख्याधिकारी म्हणतात, ठराव आणा. नगराध्यक्ष म्हणतात, बघतो. माझ्या हातात नेमकं काय आहे आणि नगराध्यक्षांच्या हातात काय?"

ताई, मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष दोघेही आपापल्या जागी बरोबर बोलत आहेत. 'महाराष्ट्र नगर परिषद, नगर पंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्यात कामाची वाटणी स्पष्ट आहे. काय करायचं ते सभा ठरवते, करतात मुख्याधिकारी, आणि ठरल्याप्रमाणे होतंय का यावर नगराध्यक्षांचं लक्ष असतं. नगरसेवक एकटा असताना कुठलाच आदेश देऊ शकत नाही. त्याचा अधिकार सभेत बसल्यावर सुरू होतो. मुकादमाला फोन करून गटार काढून घेणं ही ओळखीतली विनंती झाली. मुकादम बदलला की तीही संपली.

वर्गवारी आधी सांगतो, कारण समित्या आणि पदं त्यावर ठरतात. एक लाखावर लोकसंख्या असेल तर 'अ' वर्ग, ४० हजार ते एक लाख 'ब', त्याखाली 'क'. खानदेशात भुसावळ 'अ' वर्गात आहे. जळगाव आणि धुळे २००३ पासून महानगरपालिका आहेत. तिथे कायदा वेगळा, महापौर वेगळे आणि आयुक्तांचे अधिकारही वेगळे, त्यामुळे तिथल्या ओळखीच्या नगरसेवकाचा सल्ला जसाच्या तसा आपल्याकडे लावू नका. बोदवड, मुक्ताईनगर, साक्री, शिंदखेडा, धडगाव या नगरपंचायती. तिथे १७ नगरसेवक आणि एका प्रभागाला एकच सदस्य. नगरपरिषदेत बहुतेक प्रभागांत दोन सदस्य असतात. म्हणजे तुमच्या प्रभागाचे अर्धे प्रश्न जोडीदार नगरसेवकाशी बोलल्याशिवाय सुटणार नाहीत, तो विरोधी पक्षाचा असला तरी.

आता नगराध्यक्ष. ते थेट जनतेतून निवडून येतात, म्हणून गावाला वाटतं सगळी सत्ता तिथेच आहे. कायद्यातलं कलम ५८ वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. सभेचं अध्यक्षस्थान घेणं, आर्थिक कारभारावर लक्ष ठेवणं, अधिकाऱ्यांच्या कामावर देखरेख करणं ही त्यांची मुख्य कर्तव्यं. सभेत मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं. स्थायी समितीचे सभापतीही तेच असतात. एक मोठा अधिकार मात्र त्यांना एकट्याने वापरता येतो, तो आणीबाणीचा. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सेवेसाठी एखादं काम तातडीने करायला हवं आणि सभा बोलवायला वेळ नाही, अशा वेळी ते काम करण्याचा किंवा थांबवण्याचा आदेश देऊ शकतात आणि खर्चही पालिका निधीतून करायला सांगू शकतात. अटी दोन : सभेने आधी दिलेल्या आदेशाच्या विरोधात जाता येत नाही, आणि काय केलं, का केलं याचा अहवाल पुढच्या सभेत ठेवावा लागतो. भर उन्हाळ्यात जॅकवेलचा (नदीतलं पाणी उचलायच्या विहिरीचा) पंप जळाला, पुराने पुलाचा भराव वाहून गेला, तर हे कलम वापरायचं. पेव्हर ब्लॉकची कामं 'तातडी' दाखवून या कलमात बसवली की लेखापरीक्षणात ती हमखास अडकतात.

धनादेशावर नगराध्यक्षांची सही नसते. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, शिस्तभंग, बांधकाम परवानगी, अतिक्रमण काढणं, हा सगळा भाग मुख्याधिकाऱ्यांचा. मुख्याधिकारी राज्य शासनाचे असतात, सभेचे नोकर नव्हेत. सभेला हजर राहून ते माहिती देतात, कायद्याची अडचण सांगतात, पण त्यांना मत नसतं. बांधकाम परवानगीच्या फायलीत 'नगरसेवकांची शिफारस' असा कागद लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या कागदाला काडीचंही मोल नाही, उलट पुढे चौकशी लागली तर तुमचं नाव फायलीत सापडतं. शिफारशी लिहून देऊ नका.

उपनगराध्यक्ष नगराध्यक्षांच्या गैरहजेरीत काम पाहतात आणि एका विषय समितीचे सभापतीही असतात. विषय समित्या म्हणजे बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. बांधकाम समितीसाठी चढाओढ असते. पाणीपुरवठा कुणालाच नको असतो, कारण उन्हाळ्यात शिव्या खाव्या लागतात. शहाण्या माणसाने पाणीच घ्यावं. गावाचा खरा कारभार तिथे कळतो. स्वीकृत सदस्यांना, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या सदस्यांना, सभेत बोलता येतं, मतदान करता येत नाही. ठराव मतदानाला आला की मोजणी करताना हे विसरलं जातं आणि नंतर ठराव वादात पडतो.

सभा आणि ठराव

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी, विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी. 'पूर्ण' म्हणजे नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. एकचतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर नगराध्यक्षांना पंधरा दिवसांत विशेष सभा बोलवावी लागते. हे हत्यार नव्या नगरसेवकांना माहीतच नसतं.

विषयपत्रिका घरी आली की पाकीट फोडून ठेवून देऊ नका. प्रत्येक विषयाला क्रमांक असतो आणि त्यामागे कार्यालयीन टिप्पणी असते. टिप्पणी मागून घ्या. त्यात खर्च किती, कुठल्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून), तांत्रिक मान्यता (अभियंत्यांनी अंदाजित खर्च तपासून दिलेली मंजुरी) आहे की नाही, हे लिहिलेलं असतं. ते नसेल तर 'माहितीअभावी विषय पुढील सभेत घ्यावा' अशी सूचना मांडता येते. 'ऐनवेळचे विषय', म्हणजे विषयपत्रिकेत नसताना सभेत आयत्या वेळी घेतलेले विषय, हा सर्वांत धोकादायक भाग. सभा संपत आलेली, चहा आलेला, आणि दहा-बारा विषय एका दमात 'सर्वानुमते मंजूर'. विषयपत्रिकेवर नसलेले पैशांचे विषय असे घेतले की जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि थांबवतातही. सहा महिने काम अडकतं आणि प्रभागात मात्र 'ताईंनी ठराव केला होता' एवढंच कळतं.

विरोध असेल तर तोंडाने ओरडून उपयोग नाही. 'माझा या ठरावास विरोध आहे, कारण...' असं इतिवृत्तात नोंदवून घ्या, शक्य असेल तर लेखी देऊन पोच घ्या. स्थानिक निधी लेखापरीक्षणात नुकसान निघालं तर ठरावाच्या बाजूने असलेल्यांवर वसुलीची जबाबदारी येऊ शकते. नोंदवलेला विरोध तिथे वाचवतो. पुढच्या सभेत आधीचं इतिवृत्त कायम करताना ते ओळ न ओळ वाचा, कारण शब्द बदललेले तिथेच सापडतात. एकदा झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा तर एकूण सदस्यांपैकी निम्म्यांचा तरी पाठिंबा लागतो. म्हणून ठराव करतानाच शब्द नीट बसवा.

शब्द बसवणं म्हणजे काय? एक नेहमीचा ठराव बघा :

'प्रभाग क्र. ७ मध्ये रस्ता काँक्रिटीकरण करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.'

हा ठराव राबवता येत नाही. कुठला रस्ता, किती लांब, पैसे कुठून, काहीच नाही. अभियंता आपल्या सोयीची गल्ली धरतो किंवा फाईल वर पाठवली की शेरा मारून परत येते. आता हाच ठराव असा लिहा :

'प्रभाग क्र. ७, मारुती मंदिर ते जुनी शाळा, लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, काँक्रीट रस्ता करणे. त्याआधी या गल्लीतील पाण्याची जुनी वाहिनी व घरजोडण्या बदलणे. खर्च संबंधित योजनेच्या लेखाशीर्षातून करणे. अंदाजपत्रक तयार करून सक्षम प्राधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता घेण्यास व पुढील कार्यवाही करण्यास मुख्याधिकारी यांना प्राधिकृत करण्यात येत आहे.' खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं.

वाहिनीचं वाक्य कुणी घालत नाही. मग नवा काँक्रीट रस्ता झाला की महिन्याभरात गळतीसाठी तो ब्रेकरने फोडला जातो आणि गल्लीत कायमचा खड्डा राहतो.

काम प्रत्यक्ष होताना

ठरावानंतरची वाट अशी : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, दराला मंजुरी, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिका, देयक. मान्यतांचा क्रम आणि त्या कुणी द्यायच्या हे निधी कुठला आहे त्यावर बदलतं. जिल्हा नियोजनाचा पैसा असेल तर मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. पाण्याच्या मोठ्या कामांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे जावं लागतं. मार्चअखेर निधी परत जातो तो बहुतेक वेळा या साखळीत दोन-अडीच महिने गेल्यामुळे. दिवाळीनंतर ठराव केला तर धावपळ होणारच. प्रस्ताव पावसाळ्यात तयार ठेवा, ऑक्टोबरमध्ये निविदा निघू द्या.

कामावर उभं राहून काय बघायचं ते सांगतो, कारण 'देखरेख' हा शब्द सगळे वापरतात, पण टेप कुणाच्या खिशात नसते. वरचाच रस्ता घ्या. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीचं १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाचं काँक्रीट असेल तर घनमीटरला सिमेंटच्या साधारण आठ गोण्या, म्हणजे एकूण ३६० गोण्या. जाडी १५ ऐवजी १२ सेंटिमीटर पडली तर काँक्रीट ३६ घनमीटरवर येतं, पाचवा हिस्सा गायब, जवळपास ७२ गोण्या वाचल्या. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून ओतायच्या आधी दोन्ही बाजूंच्या साच्याच्या पाट्यांवर आडवी दोरी ताणा आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी टेप उभी धरून खोली मोजा. नंतर मोजायची तर कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला नळकांडी तुकडा, काढावा लागतो. क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरताना हजर राहा, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल मागा. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. दुपारी ओतलेला रस्ता पाण्याविना दुसऱ्या दिवशीच भेगाळतो. सकाळी लवकर ओतायला सांगा, वर गोणपाट किंवा आळी करून किमान चौदा दिवस पाणी. टँकर कुणाचा आणि कधी येणार, हे ठेकेदाराला आधीच विचारा.

दुसरं, पातळी. जुन्या गावठाणात प्रत्येक नव्या थरागणिक रस्ता वर चढतो आणि धाब्याच्या घरांचे उंबरे खाली जातात. मग पहिल्या मोठ्या पावसात गल्लीचं पाणी घरात. जुना थर खोदून काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही, ही अट अंदाजपत्रकात असली पाहिजे. तिचे पैसे धरलेले नसतील तर ठेकेदार खोदणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

पाणी

"भाऊ, नळले पाणी कव्हय यी?" (नळाला पाणी कधी येईल?) हा खानदेशातल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीचा रोजचा पाठ. उत्तर देण्याआधी आकडे पाठ करा. धरा, गाव ४० हजारांचं आहे. माणशी १३५ लिटर धरले तर रोज ५४ लाख लिटर पाणी लागतं. पंप ताशी तीन लाख लिटर उचलत असेल तर अठरा तास चालायला हवा. जॅकवेलला वीज बारा तासच मिळाली तर ३६ लाख लिटर येतं, म्हणजे रोज तिसरा हिस्सा कमी. नदीत पाणी भरपूर असूनही गावाला रोज पाणी मिळत नाही ते असं. त्यात गळती आणि नळाला थेट लावलेल्या टिल्लू मोटरी धरल्या की शेवटच्या घरापर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणून तक्रार आल्यावर चार गोष्टी वेगळ्या करा : उद्भवात (नदी, धरण, विहिरीत) पाणी नाही, वीज नाही, जलकुंभ भरत नाही, की वाटपच चुकतंय? व्हॉल्व्हमनकडे कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला याची वही असते. ती आठवड्याची वही बघितली तर निम्म्या तक्रारींचं कारण सापडतं. वही नसेल तर पहिलं काम तेच.

गिरणा नदीवर अवलंबून असलेल्या गावांचं आणखी एक. धरणातला १५ ऑक्टोबरचा साठा बघून जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याचं आरक्षण ठरतं. नगरपरिषदेने आपली मागणी, लोकसंख्या आणि आवर्तनांची (धरणातून पाणी सोडण्याच्या पाळ्यांची) संख्या यांच्यासह वेळेत दिली नाही तर एप्रिलमध्ये मोर्चा काढून आवर्तन मिळेलच असं नाही. पाटबंधारे विभागाची पाणीपट्टी थकलेली असली तर बोलणी आणखी अवघड. ही मागणी मुख्याधिकारी पाठवतात, पण सप्टेंबरच्या सभेत 'पाठवली का, प्रत दाखवा' हे विचारणं तुमचं काम.

सणांचंही वेळापत्रक पाण्याशी जोडा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात, गावाची वस्ती आठवडाभर वाढते, तीही नेमकी टंचाईच्या दिवसांत. श्रावणात कानबाई देवीच्या रविवारी रोटांचा (नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा) स्वयंपाक आणि सोमवारी विसर्जन. त्या दिवशी पाण्याची पाळी नसलेल्या भागाचा रोष वर्षभर टिकतो. पाळी एक दिवस पुढे-मागे करायला काही खर्च येत नाही, फक्त दहा दिवस आधी सांगावं लागतं. मिरवणुकीच्या वाटेवरचे दिवे आणि यात्रेत बारागाड्या ओढतात तिथल्या लोंबत्या केबलही त्याच यादीत टाका.

नळाच्या टोकाला क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तरी शिल्लक असायला हवं. आरोग्य कर्मचारी क्लोरीन तपासायची ओ.टी. चाचणी करतात. जलकुंभाजवळच्या घरी नको, शेवटच्या घरी करायला लावा.

पैसा

पालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर विशेष सभेत मंजूर व्हावं लागतं. जमेची बाजू आधी वाचा. घरपट्टीची मागणी, गेल्या वर्षीची प्रत्यक्ष वसुली आणि यंदा धरलेली वसुली हे तीन आकडे शेजारी लिहा. निम्मी वसुली होणाऱ्या गावात नव्वद टक्के धरली असेल तर खर्चाच्या बाजूची कामं कागदावरच राहणार. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी राखून ठेवायची प्रत्येकी पाच टक्के रक्कम खरोखर खर्च झाली का, तेही विचारा. मार्चमध्ये घाईने शिलाई यंत्रं वाटून हा हिशेब मिटवायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे. चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी होणाऱ्या) कर आकारणीची प्रारूप यादी लागली की लोक तुमच्याकडे येतील. त्यांना मुदतीत लेखी हरकत घ्यायला लावा. मुदत गेल्यावर नगरसेवकाच्या सांगण्याने कर कमी होत नाही. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती (दंड) चढते, हे त्यांना आठवणीने सांगा.

बऱ्याच नगरपरिषदांत डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीआधी सुमारे चार वर्षं प्रशासक होते. त्या काळातले प्रशासकीय ठराव, अर्धवट कामं, ठेकेदारांची देणी, न्यायालयातले दावे आणि लेखापरीक्षणाचे प्रलंबित मुद्दे यांची यादी पहिल्याच दोन-तीन महिन्यांत लेखी मागा. ती हातात नसताना नवे विषय मंजूर केलेत तर जुनी देणी तुमच्या काळातल्या पैशातून भागतील.

पद कशाने जातं

पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध, स्वतःचं किंवा पती-पत्नीचं बेकायदा बांधकाम, स्वतःची थकलेली घरपट्टी-पाणीपट्टी. यातलं बांधकाम आणि थकबाकी निवडून आल्याच्याच आठवड्यात तपासून घ्या, कारण विरोधकही तेच तपासत असतात. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत. राखीव जागेवर निवडून आला असाल तर जातवैधता प्रमाणपत्राची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. पक्षाच्या नगरसेवकांची गट नोंदणी झाली असेल तर पक्षादेश मोडल्यावर १९८६ च्या अनर्हता कायद्याखाली अर्ज होतो. नगराध्यक्षांना कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तनासाठी शासन कलम ५५-अ खाली काढू शकतं.

राहिलं एक, आणि ते तुम्हाला मुद्दाम सांगतो, ताई. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, पण सभागृहाच्या दाराशी अजूनही 'भाऊ', म्हणजे नगरसेविकेचे पती किंवा नातेवाईक, उभे दिसतात. सभेत सदस्याच्या जागी दुसऱ्या कुणाला बसता येत नाही आणि सदस्याच्या वतीने कुणाला फाईल मागता येत नाही. हजेरीपटावर सही करून घरी जाऊ नका. माहितीची मागणी स्वतःच्या सहीने, आवक क्रमांक टाकून द्या आणि पोच जपून ठेवा. आवक-जावक विभागातल्या लिपिकाला आठवड्यातून एकदा भेटून तुमच्या कुठल्या पत्राचं काय झालं ते विचारा. ठराव क्रमांक, दिनांक, सध्या फाईल कुठल्या टेबलावर आणि कशासाठी अडली, एवढे चार रकाने असलेली वही दोनशे पानी असली तरी पाच वर्षांना पुरते.